आत मानूस शे

"टोंगळा देखा! त्याना टोंगळा देखा! आत मानूस शे! अरे, आत मानूस शे!"

मुराभाऊ बाकावर उभा राहून ओरडत होता आणि त्याच्या मागचे सगळे त्याच्यावर ओरडत होते. कारण नेमका त्याच क्षणी टीव्हीच्या पडद्यावर तीन ताडांएवढा एक जपानी प्राणी आगगाडी कणसासारखी धरून खात होता, आणि मुराभाऊच्या पाठीमुळे ती आगगाडी कुणालाच दिसत नव्हती.

"बस ना खाले, मुऱ्या!" बायकांच्या बाजूनं त्याची मोठी बहीण सिंधूअक्का कडाडली. "आम्हीबी तिकीट काढेल शे. तुना टोंगळा देखाले नही उनूत आम्ही!"

"मना नही, अक्का, त्याना! देख कसा वाकस! जनावरना टोंगळा मांगे वाकस. हाऊ पुढे वाकस. मानूसना टोंगळा शे. वरथून रबर शे, रबर!"

रबर म्हटल्यावर थोडी शांतता झाली. कारण मुराभाऊचं स्टँडवर सायकलचं दुकान होतं आणि रबराच्या बाबतीत त्याचा शब्द आमच्या गावात कुणी खाली पडू देत नसे.

हे सगळं पारसशेठच्या कापसाच्या गोदामात चाललं होतं. उन्हाळ्यात कापूस नसतो, गोदाम रिकामं पडतं, म्हणून शेठजींनी तिथं रंगीत टीव्ही मांडला होता, व्हिडिओ आणला होता, आणि उजेड येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्यांना पोती ठोकली होती. उजेड येत नव्हता, तशी हवाही येत नव्हती. वर पत्रा. आत एवढं उकडायचं की मध्यंतर झालं की लोक गार व्हायला भर उन्हात जाऊन उभे राहायचे. मी डोळ्यांनी पाहिलंय, एका म्हातारीनं घरून आणलेले कच्चे शेंगदाणे खेळ संपेपर्यंत भाजून निघाले होते.

मी आता धुळ्यात, देवपुरात राहतो. घरात पंखा आहे, कूलर आहे, नळाला अधूनमधून पाणीही येतं. पण चैत्र सरत आला, पांझरेच्या पुलावरचं डांबर चपलेला चिकटायला लागलं, हातगाडीवर खरबुजांचे ढीग दिसले की मी घरात असून घरात नसतो. आमच्या खान्देशात ऊन पडत नाही, ते मुक्कामाला येतं. ओसरीवर बसतं, माठातलं पाणी पितं, आणि जा म्हटलं तरी जात नाही. कावळे विजेच्या तारेवर एका पायानं बसतात आणि पाय भाजला की दुसरा टेकवतात. त्याच दिवसांत आमची आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. दिवाळी असेल इतरांची मोठी. आमच्या लेकीबाळी माहेरी येतात त्या आखाजीला. लिंबाच्या झाडांना झोके लागतात, घरोघर सांजोऱ्या तळल्याचा वास, घागरीवर ठेवलेलं खरबूज, आणि एरवी पत्त्यांचं नाव काढलं तर कानाखाली वाजवणारे वडीलधारे त्या दिवशी राजरोस पारावर पत्ते पिसत बसलेले.

परवा अशाच दुपारी मी टीव्ही लावला आणि कुठल्याशा वाहिनीवर एक जपानी म्हातारा दिसला. बुटका, हसरा, कानांवर केस. खाली पट्टी चालली होती, त्यावरून कळलं की आयुष्यभर त्यानं रबराच्या सदऱ्यात शिरून राक्षसाचं काम केलं. मी खुर्चीतून उठलोच. कारण त्या म्हाताऱ्याचं सगळं चरित्र मला आधीपासून तोंडपाठ होतं. ते मीच रचलं होतं.

त्याचं असं झालं की जळगावहून आलेली ती कॅसेट पूर्ण जपानी बोलीत होती. शेठजींनी मारामारीचा पिक्चर मागवला होता, आला हा. पहिल्या खेळाला लोकांनी एक शब्द न कळता अर्धा पिक्चर पाहिला आणि मग पोत्यांवर दगड मारायला सुरुवात केली. शेठजी घाबरून म्हणाले, "अरे, वो देवपूर में पढता है ना, उसको बुलाव!" मी देवपूरला कॉलेजात होतो हे खरं. विषय मराठी होता हेही खरं. पण पांझरेच्या पलीकडे जाऊन शिकलेल्या माणसाला जगातली एखादी भाषा येत नसेल, ही कल्पनाच आमच्या गावाला मान्य नव्हती. मला टीव्हीशेजारी स्टुलावर बसवलं गेलं. पडद्यावर एक टोपीवाला साहेब तावातावानं बराच वेळ बोलला. सगळं गाव माझ्याकडे पाहू लागलं.

"साहेब म्हनस," मी म्हणालो, "बठ्ठा लोकेस्नी गुरंढोरं बांधी ल्या."

गोदामभर माना हलल्या. साहेब शहाणा होता. मग एक पोरगी रडत रडत काहीतरी म्हणाली, तेव्हा मी सांगितलं की तिला आखाजीला माहेरी जायचं होतं आणि या जनावरामुळे एस.ट्या बंद झाल्यात. बायकांच्या बाजूला अशी रडारड झाली की शेठजींनी पुढचे सगळे खेळ मलाच बांधून टाकले.

तर अशा त्या खेळात मुराभाऊला तो टोंगळा दिसला. गुडघा म्हणा, पण गुडघा म्हटलं की डॉक्टरकडं गेल्यासारखं वाटतं.

लोकांना वाटलं, सायकलवाल्याला ऊन लागलं. मला मात्र ठाऊक होतं की त्याच्या डोक्यात काय चाललं होतं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावात सोंगं निघतात. बाकीची सोंगं संध्याकाळच्या गारव्यात निघतात. म्हैसासूर तेवढा भरदुपारी. राक्षसानं सावली शोधायची नसते. सागवानी लाकडाचा मुखवटा, त्याला खऱ्या हेल्याची, म्हणजे रेड्याची, शिंगं, ताग पिंजून केलेले केस, आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत काळी गोधडी. वजन विचाराल तर एक गाभण शेळी डोक्यावर घेऊन चाला, आणि तिला मधूनच उडी मारायची हुक्की आलीय असं समजा. मारुतीच्या पारापासून निघायचं, गावातून संबळाच्या तालावर नाचत जायचं, लोक ओल्या लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपत असतात ते खायचं आणि बोरी नदीच्या पात्रात उतरायचं. तिथं देवीचं सोंग तलवार घेऊन उभं असतं. तिनं मारलं की सुटका. तोवर मुखवटा काढायचा नाही, पाणी प्यायचं नाही, आणि आतल्या माणसाला कुणी नावानं हाक मारायची नाही. नाव घेतलं तर सोंग उतरलं असं धरतात. हा मुखवटा कैक पिढ्या मुराभाऊच्या घरात होता. देवळीशेजारच्या खुंटीवर टांगलेला असायचा. त्या घरातली पोरं त्याला भिऊन दूध प्यायची आणि मोठी झाली की त्यालाच नमस्कार करून कामाला जायची.

आदल्या वर्षी मुराभाऊचे वडील, आबा, पाणपोईच्या वळणावर कोसळले. मुखवटा निघाला. नदीत देवीचं सोंग घेतलेला शिंपी लुगडं नेसून, तलवार उगारून, राक्षसाची वाट पाहत उन्हात उभा. त्याला निरोप द्यायचंच सगळे विसरले. दिवेलागणीला त्याच्या बायकोनं त्याला घरी नेलं. तो महिनाभर कुणाशी बोलला नाही. पंचांनी ठरवलं: आणखी एक वर्ष देऊ. या वर्षी मुखवटा वाटेत उतरला तर तो नानांच्या घरी जाईल. नाना म्हणजे पंचांतले थोरले. त्यांचा पुतण्या तालमीतला, मान बैलासारखी, आणि वर्षभर तो आरशासमोर शिंगं उगवल्यासारखी मान हलवत असे.

आणि आबांच्या घरात सोंग घ्यायला उरला कोण? मुराभाऊ. अंगानं सायकलच्या पंपासारखा. नाना पारावरून हाक मारायचे, "काय रे मुऱ्या, म्हैसासूर व्हस का म्हैसासूरनी काठी व्हस?"

मुराभाऊ पुढ्यातली सायकल उलटी करायचा. चाक फिरवत राहायचा. पण आबा पडल्यापासून पारावर गेले नव्हते. बाज त्यांनी अशी फिरवून घेतली होती की तोंड भिंतीकडं आणि खुंटी पाठीकडं. ती पाठ मुराभाऊला रोज दिसायची. मुखवटा नानांच्या घरी गेला असता, तर आबांची बाज पुन्हा सरळ झाली नसती, एवढं त्या घरातल्या मांजरालाही कळत होतं.

खेळ सुटल्यावर त्यानं मला धरलं. गोदामाच्या भिंतीला टेकवलं आणि म्हणाला, "आतला मानूस कोन शे?"

"जपानी शे."

"नाव काय?"

पुस्तकात वाचलेलं एकच जपानी नाव मला आठवत होतं. "तारो," मी म्हणालो. "तारोभाऊ."

"त्याले रबरमा उकडत नही? चालस कसा? दम कवय घेस?" प्रश्नांची नुसती झड. आणि मग, फार गंभीरपणे, जणू सगळं यावरच अवलंबून आहे अशा आवाजात, "त्याले नाक खाजनं तं तो काय करत व्हई रे?"

आता हा प्रश्न मला कुणी परीक्षेतही विचारला नव्हता. मी छाती काढून म्हणालो, "जपानी मानूसनं नाक खाजत नही. त्यास्ना मनवर ताबा ऱ्हास."

मुराभाऊनं मान हलवली. पण त्याचं समाधान झालं नव्हतं, हे मला तेव्हाच दिसलं.

त्या दिवसापासून आखाजीपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून मी तारोभाऊंचं आयुष्य सांगितलं. तारोभाऊंचा जन्म समुद्रकाठी, कोळ्यांच्या वस्तीत. लहानपणी डोक्यावर माशांच्या पाट्या वाहिल्या, म्हणून मान पक्की. मोठेपणी तलवारबाज हिरो व्हायला शहरात गेले, पण तोंडात तसं काही तेज नव्हतं. पिक्चरवाल्यांनी त्यांना घोड्यावरून पडायचं काम दिलं. वर्षानुवर्षं पडले. पडण्यात नाव कमावलं. मग एक दिवस मालकानं रबराचा डोंगर आणून ठेवला आणि विचारलं, याच्यात कोण शिरतं? सगळे पैलवान शिरले आणि बेशुद्ध होऊन बाहेर आले. तारोभाऊ शिरले आणि चालले. किती? खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. बस. पण चालले.

"मंग?" पंपाचा दांडा हवेतच थांबवून मुराभाऊ विचारायचा.

मग त्यांनी पहिल्या पिक्चरात आगगाडी खाल्ली आणि शेवटी मेले. दुसऱ्यात पूल खाल्ला, शेवटी मेले. तोंड कधी भिंतीवरच्या चित्रात आलं नाही. म्हातारी आई कोळीवाड्यातून पिक्चर पाहायला आली, शेवटपर्यंत बसली, आणि बाहेर येऊन म्हणाली, "चांगला होता रे. पण तू कुठं होतास?" हे सांगताना मी स्वतःच्या थापेवर इतका खूश झालो की पुढं बोलणं सुचेना. मुराभाऊनं मात्र पंप खाली ठेवला. मग म्हणाला, "बायकोनी वळखं व्हई. चालवरथून."

हे मी जोडलं नव्हतं. हे त्याचं. पण तेही चरित्रात घातलं.

गावानंही घातलं. पायरीवर गर्दी वाढली तशी प्रत्येकानं तारोभाऊंना आपल्यातलं काही ना काही दिलं. फैजपूरकडं केळीचे घड वाहायला जाणारा एक जण म्हणाला, तारोभाऊ खांद्यावर गोणपाट घेत असणार, नाहीतर कातडं सोलतं. एकीनं त्यांना डब्यात कळण्याची भाकरी दिली. कुणी विचारलं, तारोभाऊंना हे सोंग कुणाच्या नवसानं लागलं? कारण नवसाशिवाय कुणी शहाणा माणूस एवढ्या गरमीत राक्षस होईल हे आम्हाला पटण्यासारखं नव्हतं. मग नवसही ठरला: लहान भावाचा ताप उतरावा म्हणून. पंधरवड्याच्या आत तारोभाऊ आमच्या गावचे असे झाले की त्यांना मतदान करता येणं तेवढं बाकी होतं.

एका सकाळी सिंधूअक्का मला आडावर भेटली. आखाजीच्या बऱ्याच आधी माहेरी आलेली, सासरहून निरोपावर निरोप येत होते, ती जागची हलत नव्हती. घागर कमरेवर घेऊन तिनं मला वरखाली पाहिलं. "तुना तारोभाऊ खरा शे का खोटा?"

"मुराभाऊ त्याना नावनं चालस ना, अक्का?"

"चालस."

"मंग?"

तिनं घागर सावरली. "मंग सांगत ऱ्हाय. पन कमी पडू देशी तं याद राख."

कमी कशाला पडू देतोय! पण खरं सांगू, त्यापुढची करामत मुराभाऊची होती. तो प्रत्येक खेळाला यायचा. माझ्या भाषांतराकडं त्याचं लक्ष नसायचं. राक्षसाच्या पायांकडं असायचं. आणि एका दुपारी तो परत ओरडला, पण यावेळी माझ्या कानात. "देख, हाऊ डरकाळी फोडस ना, तवय उभा ऱ्हास. हात पसरस. मान फिरावस. लोके घाबरतंस. आतला मानूस तवय दम खास!"

मी पाहिलं. खरंच होतं. राक्षस जेव्हा सगळ्यात भयंकर दिसत होता तेव्हा आतला माणूस विश्रांती घेत होता. तीस वर्षं होत आली, पण तेव्हापासून साहेब लोक टेबलावर हात आपटून ओरडायला लागले की मी त्यांच्या टोंगळ्याकडं पाहतो.

आबांचा म्हैसासूर, आजोबांचा म्हैसासूर अखंड नाचायचा. नाचता नाचता जीव जायचा. मुराभाऊनं ठरवलं, आपण थांबायचं. पण थांबणं दिसता कामा नये. ते शिकायला तो माझ्याबरोबर धुळ्याला आला. तारोभाऊंनी जनावरं पाहून चाल शिकली असं मी सांगून बसलो होतो. आता धुळ्यात हत्ती कुठून आणायचा? म्हणून आम्ही गुरांच्या बाजारात गेलो. तिथं एका हेल्यासमोर मुराभाऊ सकाळी जो बसला तो उठेचना. व्यापाऱ्याला वाटलं, पक्कं गिऱ्हाईक. दर्दी आहे, बोलत नाही. त्यानं आपणहून भाव उतरवायला सुरुवात केली. उन्हं कलली तोवर तो इतका खाली आला होता की आणखी थोडं थांबलो असतो तर हेल्याबरोबर त्याची मुलगीही दिली असती. मुराभाऊ उठून म्हणाला, "धन्यवाद, शेठ," आणि चालू लागला. व्यापारी काय म्हणाला ते लिहिण्यासारखं नाही. परतीच्या एस.टी.त मुराभाऊनं सांगितलं, "हेला घाई करत नही. पह्यले मान वळस. मंग खांदा. बाकीना हेला मांगेथून येस, दुसरा दिवसे."

मग बोरीच्या कोरड्या वाळूत रोज दुपारी एक गोधडी चालताना दिसू लागली. डोक्यावर खडीची पाटी. चालायची, थांबायची, हात पसरायची. शेळ्या राखणाऱ्या पोरींनी पहिल्या दिवशी धूम ठोकली. आठवड्यानं त्या तिला वाट विचारायला लागल्या. एकदा तो वाळूत पडला, तोंडावर. मी धावलो. गोधडीच्या आतून आवाज आला, "हात नको लावू." बराच वेळ गोधडी तशीच पडून राहिली. मग एक हात निघाला, मग दुसरा. उठून तो पुन्हा पहिल्या खुणेपाशी गेला आणि तिथून चालायला लागला.

त्यानं मुखवट्याला आतून जुन्या ट्यूबचे पट्टे शिवले, म्हणजे वजन मानेवर न येता खांद्यावर येईल. नानांना कळलं तेव्हा पारावर हसू फुटलं. "सायकलवाला म्हैसासूर! घंटी बी लाव त्याले, वळणवर वाजाडाले!" प्रश्न पंचांत गेला की हे चालतं का. निकाल देणार आबा, कारण मुखवटा अजून त्यांचा. पंच घरी आले. आबा भिंतीकडं तोंड करून पडलेले. मुराभाऊनं खुंटीवरून मुखवटा काढला आणि बाजेवर ठेवला. आबांनी मान वळवली, मग खांदा, मग सावकाश बाकीचे आबा वळले. त्यांनी ट्यूब बोटानं ताणून पाहिली, सोडली. टप्प असा आवाज झाला.

"कानवर चिंध्या बांध," आबा मुलाला म्हणाले. "लाकूड कान खास."

वर्षभरात सोंगाबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते. नाना टोपी घालून निघून गेले.

त्या दिवशीचं ऊन मी नंतर कधी पाहिलं नाही. देवानं ते त्याच दिवसासाठी राखून ठेवलं असावं. नदीकडचा रस्ता थरथरताना दिसत होता. संबळ वाजला, आणि मारुतीच्या पारामागून म्हैसासूर निघाला. नाचत नाही, उड्या नाहीत. आधी शिंगं दिसली. मग खांदा. मग बाकीचा राक्षस, जणू दुसऱ्या गावाहून. तो पाराच्या मधोमध आला, थांबला, हात पसरले आणि मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. ज्याच्या ज्याच्यावरून ती मान गेली तो तो एक पाऊल मागं सरला. पाटलाच्या दोन म्हशी दावं तोडून एरंडोलच्या दिशेनं गेल्या त्या तिसऱ्या दिवशी सापडल्या. आणि हे सगळं होत असताना आत एक सायकलवाला निवांत दम खात होता, हे अख्ख्या गर्दीत आम्हा मोजक्यांनाच ठाऊक होतं.

"हाऊ कसाना म्हैसासूर?" नाना ओरडले. "आपला म्हैसासूर नाचस! हाऊ नुसता उभा ऱ्हास!" पण त्यांच्या शेजारची बाई पोराला पदराखाली घेऊन म्हणाली, "नाना, तुम्हीच जा ना मंग त्याले नाचाडाले." नाना गेले नाहीत.

डहाळ्या बसत होत्या. नानांच्या पुतण्याच्या टोळीनं डहाळ्यांऐवजी जाड फांद्या आणल्या होत्या. गोधडीवर त्यांचा आवाज धोपटण्यासारखा येत होता. पाणपोईच्या वळणावर, जिथं आबा पडले होते, तिथं एक फटका गुडघ्यामागं बसला. राक्षस वाकला. त्यानं वाकणंच पुढं वाढवलं, शिंगं जमिनीला लावली आणि तशीच त्या टोळीकडं वळवली. टोळी पाणपोईच्या रांजणांवर जाऊन पडली. वळण पार झालं. माझ्याशेजारी सिंधूअक्का चालत होती, अनवाणी. ओठ हलत होते, पण ती नाव घेत नव्हती.

आणि मग नदीचा उतार. खाली पात्र दिसतंय, देवीचं सोंग घेतलेला शिंपी तलवार घेऊन उभा, यंदा त्यानं डोक्यावर ओलं फडकं टाकलंय. दगड फेकला तर पोहोचेल एवढं अंतर. तिथं म्हैसासूर थांबला. हात पसरले नाहीत. मान फिरवली नाही. नुसता उभा. संबळवाला एकदा वाजवून गेला, दुसऱ्यांदा वाजवून गेला, मग त्याचे हात ढिले पडले. राक्षस थोडा डावीकडं कलला. गोधडीतून पाण्याची धार पायाशी गळत होती, आणि ते पाणी नव्हतं, घाम होता.

"गया," नाना म्हणाले. यावेळी त्यांच्या आवाजात हसू नव्हतं. "मरी जाई तो. उतारा रे मुखवटा." पुतण्या पुढं झाला. त्याचा हात शिंगाला लागणार, एवढ्यात सिंधूअक्का गर्दी फाडून मध्ये शिरली. नाव घेतलं तर सोंग उतरणार. नाव नाही घेतलं तर मुखवटा निघणार. तिनं तोंड उघडलं, आणि तो आवाज नदीपलीकडच्या शिवारात ऐकू गेला असेल:

"हात नका लावा कोनी! आत मानूस शे! दम खाई राह्यना तो!"

पुतण्याचा हात तिथंच राहिला. सगळं गाव थबकलं. असं वाटलं की एवढ्या पिढ्यांत पहिल्यांदाच कुणी ही गोष्ट उघड बोललं होतं.

किती वेळ गेला कोण जाणे. मुखवट्याच्या आत काहीतरी हललं. शिंगं एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं, बारीक बारीक, पूर्वी कुठल्याच म्हैसासुरानं हलवली नव्हती अशी. लोकांच्या अंगावर काटा आला. आणि मग ती डरकाळी. गोदामातली, जपानी, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी. शिंप्याच्या हातून तलवार पडली. म्हैसासूर उतार उतरला, वाळूत आला, देवी तलवार शोधेपर्यंत थांबला, आणि नीट तिच्यासमोर येऊन मेला.

टीव्हीवरचा म्हातारा सांगत होता, जनावरं पाहून मी चाल शिकलो. सांगत होता, बनियन पिळला की घामाचा पेला भरायचा. सांगत होता, आधी घोड्यावरून पडायची कामं करायचो. माझ्या थापा एकेक करून खऱ्या निघत होत्या, आणि थापा मारणाऱ्याचा याहून मोठा अपमान नसतो. एवढी मेहनत करून एखादी लोणकढी रचावी आणि एखाद्या परक्या म्हाताऱ्यानं ती आधीच जगून ठेवलेली असावी! मी टीव्हीला तोंड लावून बसलो होतो. विचारा ना त्याला नाकाचं, मी मुलाखत घेणाऱ्याला म्हणत होतो. पण त्या बिचाऱ्याला खान्देशात जन्म घ्यायचं भाग्य लाभलं नव्हतं. त्यानं विचारलं, आयुष्याचं सार काय. म्हातारा हसला आणि खिडकीबाहेर पाहू लागला.

मीही त्या दिवशी असलंच काहीतरी विचारलं होतं. नदीच्या वाळूत मुराभाऊ गोधडीवर पडला होता. मुखवटा निघाला होता, रीतीनं, देवीच्या हातून. आबा गावातून काठी टेकत पात्रापर्यंत आले होते आणि मुखवटा मांडीवर घेऊन आतल्या चिंध्या चाचपत होते. सिंधूअक्का भावाच्या तोंडात थोडं थोडं पाणी सोडत होती. भोवती गाव जमलं होतं आणि त्या उतारावरच्या थांबण्याचे अर्थ लागायला सुरुवातही झाली होती. कुणी म्हणे, देवीनं दर्शन दिलं. कुणी म्हणे, आजोबा अंगात आले. मला तर खात्रीच होती. मी वाकलो, त्याच्या कानाशी तोंड नेलं. तारोभाऊंच्या चरित्राचं शेवटचं पान मला तिथंच मिळणार होतं.

"मुराभाऊ, उतारवर एवढा येळ उभा व्हता. काय दिसनं तुले? तारोभाऊ उनथा का?"

त्यानं पाण्याचा घोट गिळला. डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

"नाक खाजी राह्यनं व्हतं," तो म्हणाला.